नाकातले निरोप

भालचंद्रराव दफ्तरदार शिंकले की ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या त्यांच्या इमारतीत खालच्या मजल्यावरचे लोक हातातलं काम थांबवून पुढच्या शिंकेची वाट बघत. त्यांची शिंक एकटी कधी येत नसे. सात-आठ शिंकांची लड लागायची, मग एक लांब उसासा, मग पाण्याच्या भांड्याचा आवाज. तळमजल्यावरचे शर्माजी जिन्यात भेटले की हात जोडून विचारत, "दादा, आज हवा कैसी है?" बाहेर डोकावून हवा बघण्यापेक्षा भालचंद्ररावांच्या नाकाला विचारणं त्यांना जास्त भरवशाचं वाटे.

भालचंद्रराव कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. त्यांचे पूर्वज दरबारात दफ्तर सांभाळायचे. त्या काळातले घराण्याचे मोडी कागद कापडी रुमालांत बांधून आतल्या खोलीत छतापर्यंत रचून ठेवलेले होते. त्या कागदांवरून घराण्याचा इतिहास लिहायचा, असा भालचंद्ररावांचा निवृत्तीच्या समारंभात जाहीर केलेला संकल्प होता. पण रुमाल सोडला की धूळ उडे, धूळ उडाली की शिंका सुरू होत, आणि शिंकणाऱ्या माणसाने मोडी वाचायची कशी? त्यामुळे ग्रंथाचं पहिलं प्रकरण गेली कित्येक वर्षं पहिलंच होतं. कुणी विचारलं तर ते नाकाकडे बोट दाखवत. विचारणारा हळहळे.

घराचे नियमही त्या नाकानेच ठरवले होते. देवापुढे उदबत्ती लावायची नाही. गजरा घरात आणायचा नाही. मिरचीची फोडणी ते बाहेर गेल्यावरच द्यायची. धूळ रोज सकाळी झाडायची, आणि झाडताना ते घरात असता कामा नयेत. म्हणून सकाळी ते स्कूटरवरून किला गेटला त्यांचे मित्र सूर्याजीराव यांच्या घड्याळांच्या दुकानात जाऊन बसत, आणि शामलाकाकू पदर खोचून एकेक रुमाल उतरवत, झटकत, पुसत आणि परत रचून ठेवत. ते परत येईपर्यंत घर लख्ख झालेलं असे. तरी दारातच ते एकदा नाक वर करून हुंगत आणि म्हणत, "कोपऱ्यात राहिलीय वाटतं."

काकू परत कोपरा पुसत.

भालचंद्ररावांच्या धाकट्या भावाची मुलगी सीमंतिनी मेडिकल कॉलेजात कान-नाक-घसा विभागात एम.एस. करत होती. ती राहायची शिंदे की छावनीत, पण आठवड्यातून एकदा तरी काकूच्या हातचं जेवायला यायची. त्या रविवारी जेवणं झाल्यावर तिने प्रबंधाचा विषय काढला.

"काका, मला पेशंट हवेत. अ‍ॅलर्जीची सर्दी असलेले. कुणाचा त्रास किती जास्त आहे आणि त्याच्या नाकात इंटरल्यूकिन किती आहे, ते मला मिलवून बघायचंय."

"इंटर काय?"

"इंटरल्यूकिन. प्रथिनं असतात ती. आपल्या शरीरातल्या संरक्षण करणाऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ना, ते ह्या प्रथिनांमधून. धूळ नाकात गेली तर खरं म्हणजे काही बिघडत नाही. पण अ‍ॅलर्जी असली की पेशी उगाच 'शत्रू आला, शत्रू आला' म्हणून एकमेकींना कळवत सुटतात. तेरा नंबरचं इंटरल्यूकिन हा तसाच एक निरोप. तो पोचला की नाकाचं अस्तर सुजतं, चिकट पाणी सुटतं. जितके निरोप जास्त तितका त्रास जास्त, असं मला दाखवायचंय."

"म्हणजे माझ्या नाकात दरबार भरलाय म्हण की!" भालचंद्रराव खुर्चीत ताठ बसले.

"दरबार नाही काका, दंगा."

त्यांना तोही शब्द आवडला. दुसऱ्याच दिवशी ते विभागात हजर झाले. सीमंतिनी एकेक प्रश्न विचारायची आणि ते शून्य ते तीनमधला आकडा सांगायचे. शिंका? तीन. नाक गळणं? तीन. खाज, चोंदणं, झोपमोड? तीन, तीन, तीन. शेवटी त्यांनी विचारलं, की ही मोजपट्टी तीनवरच का थांबते.

अडचण फक्त त्वचेच्या चाचणीची होती. हातावर धूळ, बुरशी, परागकण यांचे थेंब टोचून कशाने गांधी उठते ते बघायचं, पण त्याआधी आठवडाभर अ‍ॅलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते. भालचंद्ररावांनी साफ नकार दिला. सीमंतिनीचे मार्गदर्शक डॉक्टर समरजीत तोमर शेजारीच उभे होते. त्याच वेळी काकांची लड सुरू झाली, ती संपेपर्यंत डॉक्टर आदराने थांबले आणि मग म्हणाले, "अरे छोड़ो टेस्ट. इनको एलर्जी नहीं है, तो फिर ग्वालियर में किसको है?"

तुलनेसाठी काही निरोगी माणसंही हवी होती.

"हिला घे," भालचंद्रराव सोबत आलेल्या शामलाकाकूंकडे बघून म्हणाले. "हिला आयुष्यात कधी सर्दी झाली नाही. अगदी लोखंडी बाई आहे."

सीमंतिनीने काकूंनाही तेच प्रश्न विचारले.

"शिंका येतात का गं?"

"यांच्या असतात की."

"तुला, काकू. तुला येतात का?"

"मला नाही बाई."

"नाक चोंदतं?"

काकूंनी जरा विचार केला. "चोंदलेलं नाक म्हणजे कसं असतं?"

भालचंद्रराव मोठ्याने हसले. सीमंतिनीही हसली आणि तिने शून्य लिहिलं. पुढचीही सगळी उत्तरं शून्यच आली. मग दोघांच्या नाकात टीपकागदाची बारीक पट्टी ठेवून तिने ओल टिपून घेतली, कुप्यांवर नंबर टाकले आणि त्या गोठवायला पाठवल्या.

निकाल यायला दोन-अडीच महिने गेले. सीमंतिनीने आकडे आलेखावर मांडले तेव्हा तिला आनंदाने टाळी वाजवावीशी वाटली. ज्यांचा त्रास कमी त्यांच्यात निरोप कमी, ज्यांचा जास्त त्यांच्यात जास्त. सगळे ठिपके शिस्तीत वर चढत गेले होते. फक्त दोन ठिपके बाजूला होते. एकाने सगळ्या प्रश्नांना तीन म्हटलं होतं, पण त्याच्या नाकात जवळजवळ काहीच सापडलं नव्हतं. दुसऱ्याने सगळ्याला शून्य म्हटलं होतं, आणि तेरा नंबरचं इंटरल्यूकिन सगळ्या अभ्यासात सर्वांत जास्त त्याच्यातच होतं.

डॉक्टर तोमरांनी आलेख बघितला. "बढ़िया है. ये दोनों हटा दो, ग्राफ़ एकदम साफ़ हो जाएगा."

"सर, बिना कारण कैसे हटा दूँ?"

"तो कारण ढूँढ लो," ते प्रेमाने म्हणाले.

सीमंतिनीने नंबर काढून बघितले. दोन्ही एकाच घरातले निघाले. तिला वाटलं, आपल्याच हातून कुप्यांची अदलाबदल झाली. त्या रविवारी जेवणाआधीच तिने काहीतरी निमित्त सांगून दोघांच्या नाकात पुन्हा पट्ट्या ठेवल्या, नंबर दोनदा तपासले आणि स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिल्या. आकडे पुन्हा तसेच आले.

मग तिने काकूंना एकटीला बोलावलं. नाकात दुर्बीण घालून बघितलं तर आत फिकट, निळसर अस्तर इतकं सुजलेलं की दोन्ही बाजूंना वाट म्हणून उरली नव्हती.

"काकू, तू श्वास कुठून घेतेस?"

"सगळे घेतात तिथूनच."

"तोंड मिट. आता घे बरं."

काकूंनी ओठ मिटले. त्या शांत बसल्या होत्या, पण त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला आणि शेवटी तोंड उघडून त्यांनी मोठा श्वास घेतला. "असंच असतं ना?" त्यांनी विचारलं.

"नाही गं. असं नसतं." सीमंतिनीने दुर्बीण बाजूला ठेवली. "तुला वास येतो का?"

"कसला?"

"कसलाही. फुलांचा, फोडणीचा."

"दूध लागलं की रंगावरून कळतं. आंबा नासला की हाताला कळतं. तुमच्यापैकी कुणाला कधी माझ्या हातचं काही वाईट लागलं का?"

"कधीपासून नाही येत?"

"श्रुती शाळेत होती तेव्हाच गेला बहुतेक." श्रुती म्हणजे त्यांची मुलगी, आता इंदूरला असते आणि तिला स्वतःची शाळेत जाणारी मुलं आहेत. "सकाळी घसा कोरडा पडतो, डोकं जड होतं. पण ते सगळ्यांचंच होतं ना वय झालं की?"

"कुणाला बोलली का नाहीस?"

"घरात एक नाक होतं की आधीच," काकू म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. घरात एक फ्रीज आहे तर दुसरा कशाला, अशा सुरात त्या बोलल्या.

त्यांच्या हातावर चाचणीचे थेंब टोचले. धुळीतल्या किड्यांच्या थेंबाजवळ पाच मिनिटांत रुपयाएवढी गांधी उठली. घरातली धूळ कोण झाडतं, हे सीमंतिनीला विचारावं लागलं नाही.

घरी जाऊन तिने काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काकूंबद्दल ते खरोखर हळहळले. मग त्यांनी विचारलं, "आणि माझे किती निघाले?"

"तुमच्यात निरोप जवळजवळ नाहीतच, काका."

"मशीन बिघडलं असेल."

"दोनदा केलं."

"मग माझ्या वेळेला बिघडलं असेल."

आता ते गोळी बंद करायला आपण होऊन तयार झाले. त्या आठवड्यात त्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवलं, की विज्ञानासाठी आपण औषध सोडलं आहे आणि काही बरंवाईट झालं तर कुणाला दोष देऊ नये. सूर्याजीराव किला गेटहून भेटायला आले आणि आजारी माणसाकडे नेतात तशी मोसंबी ठेवून गेले. शिंका होत्या तेवढ्याच राहिल्या, वाढल्या नाहीत. भालचंद्ररावांना त्याचंच जरा वाईट वाटलं.

चाचणीच्या दिवशी हातावर ओळीने थेंब टोचले गेले. ते टक लावून बघत होते. बराच वेळ काही झालं नाही, मग एका ठिकाणी लाल गांधी उठली.

"आली! ही बघ, आली!"

"ती सगळ्यांनाच येते, काका," सीमंतिनी हळूच म्हणाली. "चाचणी नीट चाललीय की नाही हे कळावं म्हणून तो थेंब टोचतात."

बाकीचा हात शेवटपर्यंत कोरा राहिला.

तिने समजावून सांगितलं. नाकातल्या नसा हळव्या असतात कुणाकुणाच्या. थंडी, ठसका, उग्र वास, कशानेही त्या चिडतात. त्रास अगदी खरा असतो. त्याचा स्प्रेही वेगळा मिळतो. पण पेशी निरोप धाडत नाहीत, म्हणून ती अ‍ॅलर्जी नव्हे.

"म्हणजे नुसतंच नाक," भालचंद्रराव म्हणाले.

घरी जाताना ऑटोत ते आपला कोरा हात उलटसुलट करून बघत राहिले. शामलाकाकूंना इतकं चुकल्यासारखं झालं, जणू त्यांचं काहीतरी आपण न विचारता उचलून घेतलं होतं. जयेंद्रगंज आल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, पुढच्या वेळेला तुमचंही निघेल."

काकूंना स्प्रे सुरू झाला आणि धूळ झाडायला सक्त मनाई झाली. आता ती कुणी झाडायची? भालचंद्ररावांना नाही म्हणायला जागाच उरली नव्हती. नाकाला उपरणं बांधून ते सकाळी आतल्या खोलीत शिरू लागले, आणि काकूंना सूर्याजीरावांची बायको वनमाला हिच्याकडे पाठवण्यात आलं. त्यांना एवढा रिकामा वेळ कधी मिळाला नव्हता. पहिले काही दिवस त्या वनमालाबाईंचीच भांडी घासून देत.

इकडे भालचंद्ररावांनी एक दिवस रुमाल सोडला. धूळ उडाली, दोन शिंका आल्या आणि थांबल्या. त्यांनी कागद उलगडला, चष्मा पुसला आणि वाचायला घेतला. वाचता येईना. कॉलेजात असताना शिकलेली मोडी कधीच पुसली गेली होती. एखादं अक्षर ओळखीचं वाटे आणि पुढच्याच ओळीत दगा देई. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा रुमाल सोडला, तिसऱ्या दिवशी तिसरा. चौथ्या दिवशी ते नुसते खोलीत बसून राहिले. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. काकूंना मात्र न सांगताच कळलं असावं, कारण "आज किती झालं?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

आणि मग सीमंतिनी एकदा सहज म्हणाली, "खरं तर काका, हे कागद घरात नसलेलेच बरे. काकूसाठी."

भालचंद्ररावांचा चेहरा उजळला. तो दुःखाचा दिसावा म्हणून त्यांनी लगेच मान खाली घातली. आठवड्याच्या आत त्यांनी एका संशोधन मंडळाशी बोलून सगळे रुमाल टेम्पोत चढवले.

मराठी मंडळाच्या सभागृहात 'अ‍ॅलर्जीसोबत जगताना' या विषयावर त्यांचं भाषण फार आधीच ठरलेलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. ते रद्द करतील असं सीमंतिनीला वाटलं, पण ते कडक इस्त्रीचा कुडता घालून व्यासपीठावर उभे राहिले.

"आमच्या घरात अ‍ॅलर्जी आहे," त्यांनी सुरुवात केली. "ती माझी आहे, असं मी तीस वर्षं धरून चाललो होतो. ती माझ्या पत्नीची निघाली."

सभागृह हसलं. काकू दुसऱ्या रांगेत पदराशी चाळा करत बसल्या होत्या.

"हसू नका. डॉक्टरांनी जेवढी नाकं तपासली, त्यात तेरा नंबरचं इंटरल्यूकिन सर्वांत जास्त हिच्यात सापडलं. सर्वांत जास्त!" हे सांगताना त्यांची छाती अशी फुगली, जणू ते मुलगी बोर्डात पहिली आल्याचं सांगत असावेत. "आणि ही बाई एक शब्द बोलली नाही. शेवटी हिच्या प्रकृतीसाठी मी पूर्वजांचं सारं दफ्तर घराबाहेर काढलं. ग्रंथ राहिला. राहू दे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एक-दोन बायकांनी डोळे टिपले. सीमंतिनीने काकूंकडे बघितलं. काकू टाळ्या वाजवत होत्या, पण त्यांचं लक्ष शेजारी होतं. तिथे लीलाताई म्हणून मंडळातल्या जुन्या सभासद बसल्या होत्या, आणि त्या सगळं भाषण तोंड उघडं ठेवून ऐकत होत्या.

"लीलाताई," काकूंनी हळूच विचारलं, "तुम्हाला कधी सर्दी होते का हो?"

"छे! मला कसली सर्दी?"

"तोंड मिटून श्वास घ्या बघू जरा."

पुढच्या महिनाभरात शामलाकाकूंनी अशा पाच-सहा जणी सीमंतिनीच्या ओपीडीत आणून बसवल्या. सगळ्यांची उत्तरं शून्य, आणि एक सोडून सगळ्यांची नाकं आतून सुजलेली. त्यांच्याशी बोलायचं कामही काकूच करत. "त्रास आहे का" असं त्या विचारतच नसत. सकाळी घसा कोरडा पडतो का, कोथिंबिरीचा वास शेवटचा कधी आला, असं विचारत. डॉक्टर तोमर एकदा चकित होऊन म्हणाले, "ये सब ज़ीरो वाली औरतें कहाँ से ला रही हो?" दोन ठिपके काढून टाकण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. आता तिकडच्या कोपऱ्यात बरेच ठिपके झाले होते, आणि आलेख पहिल्यासारखा सुंदर राहिला नव्हता. 'रुग्णाने सांगितलेला त्रास आणि नाकातली प्रथिने यांचा मेळ प्रत्येक वेळी बसत नाही,' असं एक वाक्य सीमंतिनीला निष्कर्षात घालावं लागलं. परीक्षकांनी नेमकं त्याच वाक्यावर तिला अर्धा तास छळलं, आणि मग पास केलं.

वास परत यायला वेळ लागला. आला तो अचानक, भाजीमंडीत. काकूंनी कोथिंबिरीची जुडी सवयीने हातात उचलली आणि त्या तिथेच थबकल्या. जुडी नाकाशी नेली, दूर केली, परत नेली. भाजीवाली बघत होती. "अम्मा, लेना है कि सूँघना है?"

"दोनों," काकू म्हणाल्या आणि त्यांनी चार जुड्या घेतल्या.

त्या आठवड्यात घरात सगळ्याला कोथिंबीर पडली. पण नाक एकदा उघडलं की निवड करत नाही. जिन्यातल्या ओल्या पोत्याचा वास, मोरीचा वास, कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास, सगळे एकेक करून आले आणि राहिले. उदबत्तीचा पुडा त्यांनी हौसेने आणला. पण ती लावताच भालचंद्ररावांची जुनी लड सुरू झाली, इतकी की खालून शर्माजींनी हाक मारली. निरोप असोत की नसोत, शिंका खऱ्याच होत्या. काकूंनी उदबत्ती विझवली आणि दुसऱ्या दिवसापासून ती गच्चीवरच्या तुळशीपाशी नेऊन लावायला सुरुवात केली. भालचंद्ररावांनी जिन्यापर्यंत जाऊन हुंगून बघितलं आणि परवानगी दिली. परवानगी कुणी मागितली नव्हती.

एका संध्याकाळी दोघं टीव्हीपुढे बसले होते. काकू सारख्या त्यांच्याकडे वळून बघत होत्या.

"काय झालं?"

"हा कसला वास येतोय?"

"कुठे?"

"तुमच्या डोक्याला."

"तेल आहे. लग्नापासून हेच लावतो मी."

"लग्नापासून?"

"तूच म्हणाली होतीस, छान वास आहे म्हणून."

काकूंनी आठवून बघितलं. आठवलं असावं, कारण त्या थोड्या हसल्या. "तेव्हा मी नवीन होते," त्या म्हणाल्या. "आता बदला."

दुसऱ्या दिवशी भालचंद्रराव बाजारात गेले आणि तीन निरनिराळी तेलं घेऊन आले. काकूंनी एकेक झाकण उघडून शांतपणे वास घेतला आणि तिन्ही बाटल्या परत करायला सांगितल्या.